खांदा कोणाचा, काडतूस कोणते

लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे चापाभोवतीची कडी (लिव्हर) खाली-वर करून पुढचे काडतूस नळीत आणणारी रायफल, घ्यायला येणारा माणूस बहुधा रायफल मनात ठरवून येतो आणि कॅलिबरचा, म्हणजे काडतुसाच्या मापाचा, विचार दुकानात आल्यावर करतो. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात बंदुकांच्या दुकानात मी काउंटर सांभाळते आणि दुकानाला जोडून असलेल्या बंदिस्त रेंजवर सुरक्षेची जबाबदारीही माझ्याकडे असते. त्यामुळे गिऱ्हाईक काउंटरवर काय मागते आणि तेच हत्यार खांद्याला लावल्यावर त्याचा चेहरा काय सांगतो, हे दोन्ही मला पाहायला मिळते. गेल्या वर्षीच्या एका शनिवारी एक मराठी जोडपे आणि त्यांचे टेक्सन शेजारी दुकानात आले. त्या दिवशी निवडीचा प्रश्न तर होताच, शिवाय एक अपघात होता होता टळला, म्हणून तो दिवस सविस्तर लिहावासा वाटतो.

माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून काकांनी थेट मराठीतच सुरुवात केली. ते मूळचे कोल्हापूरकडचे, इथे येऊन वीस-बावीस वर्षे झालेली, पत्नी नाशिकची. शेजारचे निवृत्त गृहस्थ त्यांना आपल्या रानात घेऊन जात आणि तिथे त्यांच्या जुन्या विंचेस्टर ९४ ने दोघांनीही नेमबाजी करून पाहिली होती. काकांची नजर भिंतीवरच्या .४५-७० कॅलिबरच्या, मार्लिन कंपनीच्या रायफलीवर खिळली होती. “ताई, घ्यायचीच तर मोठी घेऊ. पुन्हा पुन्हा कोण घेतंय?” असे ते म्हणाले. काकू मात्र गप्प होत्या. रायफल चालवणार कोण, असे मी विचारले तेव्हा काकांनी पत्नीकडे बोट दाखवले. काकूंना काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगच्या, म्हणजे जुन्या काउबॉय काळातल्या धाटणीच्या हत्यारांनी पोलादी चकत्यांवर नेम धरण्याच्या, स्पर्धांमध्ये उतरायचे होते. रानातल्या सरावाने खांदा काळानिळा झाला होता, हे त्यांनी नंतर मला एकटीला सांगितले.

.४५-७० हे काडतूस अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारले. त्याच्या मूळ भरणीतली शिशाची गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची होती; .२२ लाँग रायफलची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमची असते. एवढे वजन नळीतून पुढे ढकलले जाते तेव्हा रायफल तितक्याच जोराने मागे येते आणि तो धक्का खांद्यालाच सोसावा लागतो. अस्वलांच्या मुलुखात फिरणाऱ्या माणसाला अशा काडतुसाचा आधार वाटणे मला पटते. पण कागदावर आणि पोलादी चकत्यांवर दुपारभर नेम धरायचा असेल, तर पहिल्या दहा-पंधरा बारांनंतर शरीर आपसूक अंग चोरू लागते, चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात आणि ही सवय एकदा लागली की ती मोडायला महिने जातात. त्यात एका काडतुसाला दोन डॉलरहून अधिक मोजावे लागतात. करमणुकीसाठी घेतलेली रायफल खर्चाच्या आणि दुखण्याच्या भीतीने कपाटात राहणार असेल, तर ती कितीही देखणी असली तरी निवड फसली असेच मी म्हणेन.

शेजारचे आजोबा .३०-३० च्या बाजूचे होते आणि त्यांच्या मताला वजन होते. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी रचलेली विंचेस्टरची १८९४ ची रायफल आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी आलेले हे धूरविरहित दारूचे काडतूस, या जोडीने अमेरिकेतील हरणांच्या शिकारीचे एक पर्व घडवले. त्या रायफलच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती बनल्या आहेत. टेक्सासमध्ये अशी रायफल आजोबांकडून नातवाकडे जाते, आणि ती हातात घेतली की तिचा तोल लगेच कळतो. पण .३०-३० ची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७३० मीटर वेगाने निघते. ते शिकारीचे काडतूस आहे. बंद रेंजमध्ये त्याचा आवाज कानात बोळे घालून वर कानझडपा लावल्या तरी छातीत जाणवतो, आणि काउबॉय स्पर्धांच्या मुख्य फेऱ्यांत ते चालतच नाही, कारण तिथे पिस्तुलाच्या कॅलिबरचीच रायफल लागते.

हे बोलणे सुरू असतानाच आजोबांनी खिशातून चामड्याची एक पिशवी काढून काउंटरवर ठेवली. जोडप्याने .३०-३० घेतली तर भेट म्हणून, त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेली काडतुसे त्यात होती. दुकानात बाहेरून आलेली काडतुसे मी पाहिल्याशिवाय रेंजवर जाऊ देत नाही. म्हणून ती हिरव्या रबरी चटईवर ओतून दिव्याखाली एकेक फिरवून पाहू लागले. बहुतेकांच्या टोकाशी उघडे, चपटे शिसे होते. पण चार-पाच काडतुसांची गोळी तांब्याच्या आवरणाची आणि सुईसारखी टोकदार होती.

लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींच्या बहुतेक नमुन्यांत मॅगझिन म्हणजे नळीखालची दुसरी नळी असते. तिच्यात काडतुसे एकामागे एक झोपलेली असतात, स्प्रिंग त्यांना मागे रेटत असते आणि मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, आघाताने दारू पेटवणाऱ्या प्राइमरला टेकलेले असते. बार उडाला की रायफल झटक्याने मागे येते आणि आतली रांग एकमेकांवर आपटते. टोक चपटे असेल तर काही होत नाही. टोक अणकुचीदार आणि कठीण असेल तर तेच आघातसुईचे काम करू शकते, आणि मग काडतूस मॅगझिनच्या आतच फुटते, नेमके त्या जागी जिथे नेम धरणाऱ्याचा पुढचा हात असतो. म्हणूनच .३०-३० ची काडतुसे पिढ्यान्‌पिढ्या चपट्या किंवा गोल टोकाची बनत आली. हॉर्नेडी कंपनीने टोकदार पण मऊ, दाबल्यावर दबणाऱ्या टोकाची गोळी काढली तेव्हा कुठे यात बदल झाला. सॅव्हेज ९९ किंवा ब्राउनिंग बीएलआर यांसारख्या रायफलींची मॅगझिन वेगळ्या रचनेची असल्यामुळे त्यांना ही अडचण नाही. पण आजोबांची विंचेस्टर त्यातली नव्हती.

मी ती काडतुसे वेगळी करून काही न बोलता आजोबांपुढे सरकवली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सांगितले की लांबच्या नेमासाठी ते ही टोकदार काडतुसे मुद्दाम भरत आणि एक थेट नळीत व एकच मॅगझिनमध्ये ठेवत, म्हणजे टोकापुढे प्राइमरच येत नसे. ही पद्धत इथल्या जुन्या जाणत्यांमध्ये खरोखरच आहे आणि ते स्वतः ती कसोशीने पाळत आले होते. मात्र पिशवी दुसऱ्याच्या हाती गेली की हा नियम पिशवीबरोबर जात नाही. काकांनी ती सगळी काडतुसे एकदम मॅगझिनमध्ये भरली असती, आणि पुढचा हात काकूंचा असता. आजोबांनी टोकदार काडतुसे तिथल्या तिथे रुमालात बांधून खिशात टाकली आणि उरलेली पिशवीही परत घेतली. दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसे भेट म्हणूनही स्वीकारू नयेत, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते. भरणाऱ्याच्या सचोटीबद्दल यत्किंचितही शंका नसली तरी सांगते.

यानंतर आम्ही रेंजवर गेलो. सुरुवात हेन्री कंपनीच्या .२२ च्या रायफलीपासून केली. काकांना ते पोरखेळ वाटले, तेव्हा मी त्यांना त्यांच्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांची आठवण करून दिली. कांबळवाडीच्या या नेमबाजाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते याच .२२ लाँग रायफल काडतुसावर. त्यांची रायफल अर्थातच निराळी, एकेक गोळी भरण्याची आणि कमालीची अचूक. पण काडतूस तेच. काका हसले आणि पुढे .२२ ला नावे ठेवण्याचे त्यांनी थांबवले.

काकूंचा नेम मात्र .२२ वरही सतत एका बाजूला जात होता, आणि धक्का नसताना असे होते तेव्हा मी आधी डोळे तपासते. त्यांना दोन्ही तळहातांचा त्रिकोण करून त्यातून दूरचा दिवा पाहायला लावला आणि एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा डोळा मिटला तरी दिवा जागेवर राहिला, डावा मिटताच तो त्रिकोणाबाहेर गेला. हात उजवा, पण हुकमी डोळा डावा. रायफल डाव्या खांद्याला लावून पाहा, असे मी सुचवले. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत खटक्याची मूठ उजवीकडे असल्याने हा बदल अवघड जातो. लिव्हर मात्र मधोमध, चापाभोवतीच असते आणि दोन्ही हातांना सारखीच वळते. लिव्हर-अ‍ॅक्शनचा हा गुण जाहिरातींत क्वचितच दिसतो, पण मला तो फार मोलाचा वाटतो. काकूंनी डावा गाल दस्त्यावर टेकवला, नळीच्या टोकावरची नेमाची माशी टिपली, आणि पुढच्या गोळ्या कागदाच्या मध्यभागी तळहाताएवढ्या जागेत जाऊ लागल्या.

मग .३५७ मॅग्नमची हेन्री बिग बॉय दिली, पण तिच्यात भरली .३८ स्पेशल काडतुसे. .३५७ च्या रायफलीत .३८ चालते, कारण गोळीचा व्यास एकच असून पुंगळी तेवढी आखूड असते, उलट .३८ च्या हत्यारात .३५७ कधीही घालू नये. करमणुकीच्या नेमबाजीसाठी पहिली लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणून मी हेच कॅलिबर सुचवते. .३८ ला धक्का नावापुरता असतो आणि एक काडतूस साधारण चाळीस सेंटला पडते; .२२ इतके स्वस्त नसले तरी पोलादी चकतीवर आदळल्यावर जो घणघणीत आवाज येतो, तो .२२ देत नाही. पुढे कधी जोर हवासा वाटला तर त्याच रायफलीत .३५७ घालता येते. १५८ ग्रेनची जी गोळी रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीतून सेकंदाला सुमारे ३८० मीटर वेगाने निघते, ती रायफलच्या लांब नळीतून ५५० मीटरच्या आसपास जाते. पण काउबॉय स्पर्धांत रायफलीच्या गोळीला सेकंदाला १४०० फुटांची, म्हणजे सुमारे ४२७ मीटरची मर्यादा आहे आणि गोळी शिशाचीच लागते. जवळून पोलादावर नेम धरायचा असतो तेव्हा ही मर्यादा नियमापेक्षा गरज जास्त ठरते. म्हणजे स्पर्धेसाठीही काकूंना .३८ च योग्य होते.

काकूंनी काडतुसे संपेपर्यंत रायफल खाली ठेवली नाही. पितळी बिग बॉय मात्र त्यांना जड झाली. अष्टकोनी नळी आणि यंत्रणेची पितळी पेटी मिळून तिचे वजन चार किलोच्या जवळ जाते. वजन धक्का शोषते हे खरे, पण उभे राहून, आधाराशिवाय ती दुपारभर पेलायची म्हणजे हात थरथरणारच. म्हणून त्याच कंपनीची पोलादी, आखूड नळीची रायफल दाखवली. तिच्यात कडेच्या झडपेतून काडतुसे भरता येतात आणि मॅगझिनची आतली नळी बाहेर ओढून रिकामीही करता येते. जुन्या विंचेस्टरमध्ये रिकामे करताना प्रत्येक जिवंत काडतूस लिव्हर फिरवून नळीच्या मागच्या तोंडाशी आणूनच बाहेर काढावे लागते. नवशिक्याच्या हातून बार उडण्याची शक्यता तिथे असते, तशीच भरलेल्या रायफलीचा वर चढवलेला घोडा अंगठ्याने हळूच खाली घेतानाही असते. हा घोडा कसा उतरवायचा, हे मी काकूंकडून रिकाम्या रायफलीवर त्यांना कंटाळा येईपर्यंत करून घेतले.

रायफल काकूंच्या वापराची, तेव्हा अर्जही त्यांच्याच नावे भरला. काका नागरिक होते, काकूंकडे ग्रीन कार्ड होते. कायमस्वरूपी रहिवाशाला रायफल विकत घेता येते, फक्त ४४७३ क्रमांकाच्या अर्जात आपला परकीय नोंदणी क्रमांक लिहावा लागतो. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर ती घेता येत नाही, आणि अशा भाच्या-पुतण्याकडून पैसे घेऊन त्याच्यासाठी आपल्या नावे खरेदी करणे हा केंद्रीय गुन्हा आहे. मराठी घरांत हा प्रश्न मला अनेकदा अगदी निरागसपणे विचारला जातो, म्हणून इथे लिहिते. खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयकडून काही मिनिटांतच होकार आला.

काडतुसे निवडताना काकूंना मी १५८ ग्रेनची, गोलसर पण चपट्या टोकाची शिशाची गोळी असलेली .३८ दिली. पूर्ण सपाट तोंडाची वॅडकटर काडतुसे स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, असेही सांगितले, कारण ती आखूड असल्याने लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये अडकतात. काकांनी जाता जाता .४५-७० पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिली आणि स्वतःसाठी .२२ ची हेन्री बाजूला काढून ठेवायला सांगितली.