पहाटे पळून जाते, सव्वासहाला परत येते

आमच्या साताऱ्यात धावणं कुणी म्हणत नाही, पळणं म्हणतात. जूनमध्ये मी सुरुवात केली तेव्हा समोरच्या काकूंनी सासूबाईंना गेटवरच गाठलं. "सून पळाली म्हणं पहाटे?" सासूबाई दूध घेऊन आत येत होत्या. म्हणाल्या, "पळाली. सव्वासहाला येईल परत."

तर हा जून ते डिसेंबरचा हिशोब. वय 38, पतसंस्थेत नोकरी, मुलगा चौथीत, मुलगी पहिलीत, नवऱ्याची एमआयडीसीत शिफ्ट. शाळेत असताना लंगडी सोडून कुठलाही खेळ नाही. वहीत तारीख, मिनिटं आणि एक ओळ एवढंच लिहीत गेले. ज्यांचे बूट अजून खोक्यातच आहेत त्यांना काही उपयोग झाला तर बघा.

जून

शाळा सुरू झाल्या आणि 17 तारखेच्या सोमवारी मी बाहेर पडले. आराखडा घेतला तो "काउच टू फाइव्ह के" नावाचा, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर पळण्यापर्यंत, नऊ आठवड्यांचा, आठवड्याला तीन दिवस. हा निवडायला एक कारण होतं. 1996 मध्ये जॉश क्लार्क नावाच्या माणसानं तो केला तो आपल्या पन्नाशीतल्या आईला पळता यावं म्हणून. म्हटलं, आईसाठी केलंय म्हणजे जीव घेणार नाही.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं भरभर चालायचं, मग 60 सेकंद पळायचं, 90 सेकंद चालायचं, असं 20 मिनिटं. वाचताना हसू आलं होतं. प्रत्यक्षात चौथ्या फेरीला मी विजेच्या खांबाला हात लावून उभी होते. चूक काय झाली ते आठवड्यानं कळलं. मी स्टँडवरून एसटी सुटत असल्यासारखी पळत होते. आपल्याला पळण्याचा तेवढाच सराव असतो ना!

उपाय मुलाच्या पाठांतरातून मिळाला. पळताना तेराचा पाढा म्हणायचा, मोठ्यानं. "तेरा सत्ते एक्याण्णव" एका दमात निघालं तर वेग बरोबर. "तेरा सत्ते" म्हणून थांबावं लागलं तर वेग कमी करायचा, मग शेजारून चालणारे आजोबा पुढं गेले तरी चालेल. गेले. दोनदा गेले.

पण जूनमधली खरी गडबड पायांची नव्हती. मी चोरून जात होते. कडी न वाजवता, चपला हातात घेऊन, बूट जिन्यात घालून. कुणाला त्रास नको, सगळे उठायच्या आत परत. दुसऱ्याच आठवड्यात मुलगी जागी झाली, आई दिसेना म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं. मी आले तेव्हा दूध उतू गेलेलं, नवरा एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात मुलगी घेऊन उभा. कुणी एक शब्द बोललं नाही, पण मला चोरी सापडल्यासारखं झालं. दोन आठवड्यांत सहापैकी तीनच दिवस गेले. उरलेले तीन दिवस जागी होते, अंथरुणात पडून होते.

मग रविवारी जेवताना सांगितलं. "जाऊ का?" असं नाही. "मंगळवार, गुरुवार, रविवार मी साडेपाचला जाणार, सव्वासहाला येणार." आणि ओट्याशेजारच्या कालनिर्णयवर, जिथं गॅस कधी लावला नि दुधाचे खाडे किती हे लिहितो, त्या चौकोनांत "पळणे" लिहून टाकलं. त्यानंतरच्या पाच महिन्यांत जे काही जमलं ते या लिहिण्यामुळं, असं माझं ठाम मत आहे. सिलिंडरच्या तारखेशी कुणी वाद घालत नाही.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "एवढं पळून जायचंय कुठं?" मी म्हटलं, स्टेडियमपर्यंत. त्यांना ते उत्तर पुरलं.

मंगळवार-गुरुवारचा डबा नवऱ्याकडं गेला. (रात्रपाळीच्या आठवड्यात सासूबाईंकडं.) पहिल्या आठवड्यात त्यानं दोन्ही दिवस ब्रेड-जॅम दिलं. मुलगा खूश. मी भाजी चिरून, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवलेली तशीच. काही न बोलता ती कणीक संध्याकाळी लाटली. त्या महिन्यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणून हे वहीत नोंदवलंय, 60 सेकंदांपेक्षा वर.

जुलै

पाऊस. साताऱ्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून फ्रिजच्या मागं ठेवायचे, दोन तासांनी बोळे बदलायचे, सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. रोजच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा घेतलेला बरा, पळताना पाय पुढं सरकतो, अंगठ्याचं नख काळं पडत नाही. आणि पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर बुटांच्या आधी चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर घाला. माझा क्रम उलटा होता, पश्चात्ताप झाला.

आता जे कुणी बोलत नाही ते. चौथ्या आठवड्यात तीन मिनिटं सलग पळायचं होतं तिथं लघवी झाली. थेंबभर नाही, बऱ्यापैकी. पावसानं वाचवलं, सगळंच ओलं होतं. घरी आले आणि ठरवलं की बास, दोन बाळंतपणांनंतर हे आपलं काम नाही. आठवडाभर गेले नाही. चौकोनात काट मारली आणि कुणी विचारलं तर "पाऊस" असं सांगितलं.

मग ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मला शिंकताना होतं, सहा वर्षं झाली." मोठ्या बहिणीलाही होतं. म्हणजे आम्ही तिघी गप्प बसून पॅड लावत होतो. फिजिओथेरपिस्टकडं गेले. त्या बाईंनी ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम दिले, आवळून धरायचे आणि तेवढंच महत्त्वाचं म्हणजे पूर्ण सैल सोडायचे, श्वास सोडताना वर ओढायचं. सैल सोडणं मला जमतच नव्हतं, दिवसभर पोट आत ओढून बसायची सवय. फरक पडायला दोन-तीन महिने धरा म्हणाल्या. नवव्या-दहाव्या आठवड्यापासून पडला. अजून खोकला असेल त्या दिवशी खात्री नाही, त्या दिवशी पॅड लावून जाते आणि तरी जाते.

बाळ लहान असेल तर घाई नको. 2019 मध्ये ब्रिटनच्या तीन फिजिओथेरपिस्टनी बाळंतपणानंतर पळण्याबद्दल मार्गदर्शन लिहिलं. त्यात किमान तीन महिने थांबा म्हटलंय, आणि तीन महिने झाले म्हणजे परवाना मिळाला असंही नाही. 30 मिनिटं चालता येतं का, एका पायावर 10 सेकंद उभं राहता येतं का, एक मिनिट जागच्या जागी पळता येतं का, प्रत्येक पायावर 10 लंगड्या उड्या मारता येतात का, तेही दुखल्याशिवाय, गळल्याशिवाय आणि खाली जड वाटल्याशिवाय, ते बघायचं. माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि जुलैत मी यातल्या उड्यांना नापास झाले असते.

ऑगस्ट

नडगी. बुडालेला आठवडा भरून काढायला मी सोम-मंगळ-बुध सलग पळाले आणि गुरुवारी बँकेच्या पायऱ्या उतरताना दोन्ही नडग्यांत कळ. बुडालेलं भरून काढायचं नसतं. गेलं ते गेलं. दोन आठवडे फक्त चालले. पोळ्या करताना टाचा वर-खाली करायची सवय तेव्हाच लागली, एक पोळी तव्यावर म्हणजे दहा वेळा. घरच्या पोळ्यांच्या हिशोबानं रोज दीडशेच्या वर होतात.

याच सुमारास साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन असते. शहरातून निघून समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्यानं खाली, 21 किलोमीटर. 2015 मध्ये एका डोंगरावर एकाच वेळी सर्वाधिक लोक पळाल्याचा गिनेस विक्रमही इथंच झाला. मी पोरांना घेऊन कडेला टाळ्या वाजवायला उभी. दरवर्षी पुढचे लोक बघायचे, यंदा मुद्दाम मागचे बघितले. माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या कमरेच्या बायका, लाल तोंडानं, चालत-पळत, गप्पा मारत येत होत्या. पुढच्यांपेक्षा त्यांना बघून मला जास्त धीर आला.

मुलीनं विचारलं, "पहिली कोण येते?" मग तिला ललिता बाबरची गोष्ट सांगितली. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची पोरगी, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. मुलगी म्हणाली, "दहावी म्हणजे हरली?" 1984 नंतर भारतातली एकही बाई ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या एकटीच्या शर्यतीत (रिले सोडून) अंतिम फेरीत पोचली नव्हती, हे तिला समजावता समजावता घाटातले लोक परत खाली आले.

प्रेरणेबद्दल थोडं कडू बोलते. मी पळायला लागल्यावर निदान आठ जणांनी मला लता करे यांचा फोटो पाठवला असेल. 2013 मध्ये बारामतीत साठी ओलांडलेली बाई नऊवारी नेसून अनवाणी पळाली आणि जिंकली. पाठवणाऱ्यांचं म्हणणं, "बघ, त्यांना बूट लागले नाहीत." त्या पळाल्या नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे नव्हते म्हणून. त्यांच्यापुढं हात जोडते, पण ते बघून माझे बूट परत करायचे असं मला वाटत नाही. आणि ज्या दिवशी मी गेले नाही त्या दिवशी तो फोटो बघून फक्त लाज वाटली, पाय काही हलले नाहीत.

सप्टेंबर

गणपती. दहा दिवसांत शून्य. आधीच चौकोन रिकामे ठेवले होते, त्यामुळं काट मारावी लागली नाही. परत आले ते एक आठवडा मागं जाऊन, जिथं सोडलं तिथून नाही.

तरी दम लागायचा आणि दुपारी डोळे मिटायचे. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 9.8. बायकांचं 12 च्या खाली असेल तर ॲनिमिया धरतात. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका त्यात निघाल्या. म्हणजे इच्छाशक्ती कमी पडते म्हणून स्वतःला बोल लावणाऱ्या आपल्यातल्या निम्म्याहून अधिक जणींना मुळात लोह कमी पडतंय. पळायला सुरुवात करायच्या आधी ही तपासणी करा, मी तीन महिने उशिरा केली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि जेवणावर लगेच चहा बंद केला, चहानं लोह अंगी लागत नाही. गोळ्या सोप्या होत्या. चहाचं विचारू नका.

ऑक्टोबर

नवरात्राचे उपवास मी धरते, त्या नऊ दिवसांत फक्त चालले. उपाशीपोटी पळणाऱ्या आहेत, मला चक्कर येते.

20 ऑक्टोबर, रविवार. शाहू स्टेडियमवर पोरांसकट गेले. 400 मीटरची फेरी धरली तर पाच किलोमीटरला साडेबारा फेऱ्या. मुलीला 12 खडे दिले, प्रत्येक फेरीला एक खाली टाकायचा. आठव्या फेरीपर्यंत चोख काम. मग तिला तिथं दुसरी मुलगी भेटली आणि दोघींनी खड्यांचा खेळ मांडला. मी ओरडले, "किती झाल्या?" ती म्हणाली, "तूच जिंकलीस!" शेवटी फोन बघितला. पाच किलोमीटर आधीच होऊन गेले होते, 41 मिनिटं 20 सेकंद, आणि वर जवळपास एक फेरी फुकट. नऊ आठवड्यांचा आराखडा, मला 18 लागले.

नोव्हेंबर, डिसेंबर

दिवाळीत फराळाचे चार दिवस पाठ इतकी भरून आली की पळणं विश्रांतीसारखं वाटलं. डिसेंबरात पहाटे साडेपाचला मिट्ट काळोख, म्हणून एकटी जात नाही. समोरच्या काकूंची सून येते, ती अजून 60 सेकंदांवर आहे, मी तिच्याबरोबर तेवढंच करते आणि उरलेलं रविवारी. कुत्री आली की दोघी पळणं थांबवून चालायला लागतो, त्यांच्याकडं न बघता. पळणाऱ्याच्या मागं ती लागतात, चालणाऱ्याचा त्यांना कंटाळा येतो. रात्री अकरानंतर झोपले तर दुसऱ्या दिवशी जात नाही, हा एकच नियम मोडला नाही.

सगळ्यात चांगली वेळ 38 मिनिटं 5 सेकंद. वजन म्हणाल तर दीड किलो. ते मी मोजायचं सोडलंय कारण मोजलं की त्या आठवड्यात वेग वाढवते आणि नडगी बोलायला लागते. गेल्या रविवारी उजाडल्यावर यवतेश्वरच्या घाटात गेलो, पहिल्या दोन वळणांपर्यंत. पाढा दुसऱ्या ओळीलाच तुटला. तिथून चालत वर गेलो आणि वडापाव खाऊन खाली आलो.

नवीन कालनिर्णय आलंय, जानेवारीचे चौकोन भरून झाले. नवऱ्याची शिफ्ट एक तारखेपासून बदलतेय, म्हणून गुरुवारचं शुक्रवारवर गेलंय. 14 ला मंगळवार आणि संक्रांत एकाच दिवशी आलीत. त्या चौकोनात सासूबाईंनी आधीच "तीळ" लिहून ठेवलंय.