२^६७ − १ : दोनचा पाया इथे आंधळा

शनिवार. या वेळी अवयव पाडायला घेतलेली संख्या १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंकी, म्हणजे २^६७ − १. मेर्सेनने १६४४ च्या यादीत ही मूळ म्हणून घातली होती. १८७६ मध्ये लुकासने ती संयुक्त आहे हे दाखवलं, पण अवयव न देता. ते १९०३ मध्ये कोलने दिले.

आधी साधी फर्मा चाचणी लावली, पाया २: पायाचा, संख्येपेक्षा एकने कमी इतका घात घ्यायचा आणि त्याला संख्येने भागायचं; बाकी १ नसेल तर संख्या मूळ नाही. बाकी आली १! प्रोग्राम चुकला म्हणून तासभर डोकं खाजवलं. चूक नव्हती. संख्येला न म्हणू. न − १ ला ६७ ने भाग जातो, आणि २^६७ ची न ने भागल्यावर बाकी १ च. म्हणजे २ चा मूळ घात वजा १ अशी ही सगळी मंडळी पाया २ वर आपोआप पास होतात. पाया ३ घेतला आणि सोंग लगेच उघडं पडलं.

रविवार. सरळ भागाकार. घातांक ६७ असल्याने अवयव १३४क + १ (१३४ = २ × ६७) याच रूपाचा हवा, शिवाय ८ ने भागून बाकी १ किंवा ७. त्यामुळे क ला ४ ने भागल्यावर ० किंवा १ उरलं तरच बघायचं, निम्मं काम तिथेच वाचतं. क = १४४५५८० ला १९३७०७७२१ सापडला. जेमतेम सव्वासात लाख भागाकार, पायथनलाही चहा होईपर्यंत वेळ लागला नाही. जोडीदार ७६१८३८२५७२८७. (शेवटचे तीन अंक कागदावर: ७२१ × २८७ = २०६९२७, जुळले.) कोलने हे यंत्राविना केलं, हे आठवलं की जरा लाजच वाटते.

मंगळवार. आता पोलार्डची प − १ पद्धत: पायाला ठरवलेल्या सीमेपर्यंतच्या मूळ संख्यांचे घात एकामागून एक द्यायचे, त्यातून १ वजा करून न शी मसावि काढायचा; एखाद्या अवयव प साठी प − १ चे सगळे तुकडे सीमेच्या आत असतील तर प जाळ्यात येतो. आणि मी पुन्हा त्याच खड्ड्यात. सवयीने पाया २ ठेवला. प्रत्येक मूळ संख्येनंतर मसावि काढत होतो: ६१ पर्यंत १, १, १… आणि ६७ ला थेट अख्खी न. दोन्ही अवयवांपुरती २ ची कोटी (२ चा ज्या सर्वांत लहान घाताला अवयवाने भागून बाकी १ उरते तो) ६७ च, त्यामुळे दोघे एकदमच जाळ्यात येतात आणि हाती काहीच लागत नाही. शनिवारचा धडा मंगळवारी विसरलो.

पाया ३, सीमा २७००. मसावि १९३७०७७२१, पहिल्या फटक्यात. का ते उघड आहे, एक वजा केल्यावरचे सगळे तुकडे २७०० च्या आत:

१९३७०७७२० = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७

सीमा २६०० ठेवली असती तर मात्र हात हलवत परतलो असतो. दुसरा अवयव निसटला, कारण त्यातून १ वजा केल्यावर २ × ३^२ × २९ × ६७ × २१७८२९८९ असं निघतं, आणि शेवटच्या तुकड्यात २७०० च्या पुढची मूळ संख्या दडलेली असणार. या शेवटच्या तुकड्याला ३०० पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. हे हट्टाने हातानेच तपासलं. पुढे कंटाळा आला.