अंबाजोगाईच्या ओसरीवरचा वाद

वेरूळ, पैठण, औंढा नागनाथ झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते अंबाजोगाईतल्या एका रात्रीबद्दल.

योगेश्वरीचं नवरात्र मार्गशीर्षात असतं. लॉज भरलेले, म्हणून मित्राच्या सासुरवाडीत उतरलो. भाकरी-पिठल्याचं जेवण झालं आणि ओसरीवर वेगळ्या मराठवाड्याचा विषय निघाला. पुण्यात हा विषय निघाला की दुसऱ्याच वाक्यात ‘मागास’ हा शब्द येतो आणि बोलणं खुंटतं. मला त्याची चीड आहे.

शेजारचे निवृत्त गुरुजी वेगळ्या राज्याचे, मित्राचे सासरे नाना संयुक्त महाराष्ट्राचे.

गुरुजी म्हणाले, “१९५३ ला विकासात न्याय्य वाट्याचं वचन देणारा नागपूर करार झाला, १९५६ ला आपण मुंबई राज्यात बिनशर्त आलो. विकास मंडळ मिळायला १९९४ उजाडलं, २०२० ला त्याचीही मुदत संपली. गोव्याला १९६७ ला महाराष्ट्रात यायचं का, हे मत तरी विचारलं. आपल्याला कुणी विचारलं?”

“गोव्याला विचारलं, अन् विलीनीकरणवाले ३४ हजारांनी हरले,” नाना म्हणाले. “पण गोव्यानं लगेचच्या निवडणुकीत त्याच विलीनीकरणवाल्या मुख्यमंत्री बांदोडकरांना परत निवडून दिलं की नाही? बरं, आपलं राज्य वेगळं झालं तर जायकवाडीचं काय? वरची धरणं नाशिक-नगरात. आज एका राज्यातला तंटा आहे, उद्या दोन राज्यांचा होईल. लवादापुढं किती वर्षं बसायचं?”

गुरुजी गप्प झाले. मला वाटलं, संपलं.

तर नानाच पुढं सरकले. “गुरुजी, तुमचा एक मुद्दा राहिला बघा. राज्य एकच आहे, समन्यायी पाणीवाटपाचा २००५ चा कायदा आहे, तरी हायकोर्टाची पायरी चढावीच लागली ना? हे कामून नाही सांगितलं?”

समोरच्याची बाजू दुबळी पडली म्हणून ती स्वतः भक्कम करून देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. गुरुजींनी तो मुद्दा उचलला आणि पुढचा तासभर नानांना त्यावरच धरलं. आवाज चढले, पण वडिलांवर, जातीवर कुणी गेलं नाही.

मी नानांच्या बाजूचा आहे, तसं सांगितलंही. त्यावर गुरुजींनी विचारलं, “राज्य करायचं संसदेच्या हाती, ते ठाऊक आहे मला. पण मत घ्यायचंच ठरलं, तर आठ जिल्ह्यांचं घ्यायचं की साऱ्या महाराष्ट्राचं?” पुण्याला पोचेपर्यंत मला उत्तर सापडलं नव्हतं, अजूनही नाही.