मुलाखतीपुरतं उठून जाणं पुरेसं नव्हतं

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात त्या दिवशी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या मुलाखती होत्या. एका विषयाची जागा एक, उमेदवार सात. मी रजिस्ट्रार. ‘उमेदवारांत माझं कोणी नातेवाईक नाही’ असं समितीच्या प्रत्येक सदस्याकडून लेखी घेणं माझ्याकडे. विभागप्रमुख मॅडमनी सही न करता कागद परत दिला.

“यादीतली चौथी माझी सून आहे. माहेरचं आडनाव लावते. तिची मुलाखत होईपर्यंत मी बाहेर थांबते.”

त्यांनी आपणहून सांगितलं, याचा मला फार आदर वाटला. प्राचार्यांनी मानही डोलावली. पण जागा एकच होती. बाकीच्या सहा जणांना मॅडम जे गुण देणार, त्यांवरही सुनेचा क्रमांक ठरणारच होता.

मी १९६९ चा क्राइपाक खटला सांगितला. जम्मू-काश्मीरचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक भारतीय वन सेवेच्या निवड मंडळावर होते आणि स्वतः उमेदवारही. स्वतःच्या नावाची चर्चा होताना ते बसले नाहीत, प्रतिस्पर्ध्यांच्या वेळी मात्र बसले. सर्वोच्च न्यायालयानं ती निवड रद्द केली.

प्राचार्य म्हणाले, “लोकसेवा आयोगात तर सदस्य नातेवाइकाच्या मुलाखतीपुरताच उठतो.” बरोबर आहे, १९८५ च्या अशोककुमार यादव निकालानं तेवढी मुभा दिली. पण आयोग घटनात्मक, तिथे सदस्याच्या जागी बाहेरचा माणूस आणून बसवता येत नाही. आम्हाला येत होता.

“इतकी वर्षं इथे शिकवतेय, माझ्यावर विश्वास नाही?” मॅडमचा आवाज चढला.

“तुमच्यावर आहे, मॅडम. पण तिची निवड झाली तर तिची नेट परीक्षा, तिचे गुण कोणी विचारणार नाही. स्टाफरूममध्ये ती कायम ‘मॅडमची सून’च राहील.”

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “माझी एक मैत्रीण आहे याच विषयाची, तिला फोन करू?” तेही नको, असं मला म्हणावं लागलं, बदली तज्ज्ञ प्राचार्यांनीच निवडायला हवा होता. त्यांनी वाशीच्या एका प्राध्यापकांना विनंती केली. ते ट्रान्स-हार्बर लोकलनं येईपर्यंत मुलाखती थांबल्या. उशीर का होतोय, हे मी उमेदवारांना बाहेर जाऊन स्पष्ट सांगितलं. सात जणांतली ती मुलगीही मान खाली घालून ऐकत होती, तिच्यासाठी जीव तुटला.

ती पहिली आली.

तरी प्रश्न मिटला नव्हता. तासिका तत्त्वावर पगार तासांवर मिळतो आणि किती तास झाले ते विभागप्रमुख तपासून सही करतात. म्हणजे दर महिन्याला सासूनं सुनेचं बिल मंजूर करायचं! त्याच संध्याकाळी कार्यालयीन आदेश काढला: तिचं वेळापत्रक, तासांची पडताळणी, बिलावरची सही आणि पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची शिफारस उपप्राचार्यांकडे. पोच म्हणून पहिली सही मॅडमनी केली आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, ‘तिनं काढलेल्या प्रश्नपत्रिकांची तपासणी, म्हणजे मॉडरेशनही माझ्याकडे नको.’