न्यूसेस नदीकाठचे आयरिश गाव

कॉर्पस ख्रिस्तीहून वायव्येला निघाले की कपाशीची सपाट शेते हळूहळू मागे पडतात, मेस्क्विटची काटेरी झाडे आणि निवडुंग दिसू लागतात आणि न्यूसेस नदीच्या काठी सॅन पॅट्रिसिओ हे टेक्सासमधले लहानसे गाव लागते. गावाचे नाव स्पॅनिश असले तरी ते आयर्लंडच्या संत पॅट्रिकचेच आहे, कारण गाव वसले तेव्हा ही भूमी मेक्सिकोची होती.

जॉन मॅकमुलन आणि जेम्स मॅकग्लॉइन या दोन आयरिश माणसांनी १८२८ मध्ये मेक्सिकोशी दोनशे कुटुंबे वसवण्याचा करार केला. कॅथलिक रहिवासी सरकारला हवेच होते. प्रत्येक कुटुंबाला चराईसाठी ४,४२८ एकर आणि कसण्यासाठी आणखी १७७ एकर जमीन मिळणार होती. आयर्लंडमधला सामान्य शेतकरी म्हणजे जमीनदाराचे कूळ. खंड थकला की तो घरादारासह रस्त्यावर येत असे. कुळकायद्याआधीच्या हकीकती घरात ऐकत वाढलेल्या मला, ही माणसे इतक्या दूर का आली, हे तो आकडा वाचताच उमगले. पहिली तुकडी १८२९ मध्ये न्यूयॉर्कहून जहाजाने आली आणि काही काळ रेफ्यूजिओच्या जुन्या मिशनजवळ, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारकांच्या ठाण्याजवळ, थांबून मग या काठावर स्थिरावली.

जमीन मिळाली, पण सहाच वर्षांत मेक्सिकोपासून वेगळे होण्यासाठी टेक्सासने पुकारलेले युद्ध दारात आले. ज्या सरकारने जमीन दिली त्याच्याशी इमान राखायचे की बंडखोरांना साथ द्यायची, या प्रश्नावर गाव दुभंगले. नोव्हेंबर १८३५ मध्ये नदीपलीकडच्या लिपान्तित्लान किल्ल्याजवळ लढाई झाली, तेव्हा काही आयरिश गावकरी मेक्सिकोच्या बाजूने उभे होते. पुढे २७ फेब्रुवारी १८३६ च्या पहाटे, कडाक्याच्या थंडीपावसात, मेक्सिकोच्या जनरल उरेआच्या फौजेने गावात मुक्कामाला असलेल्या टेक्सासच्या सैनिकांवर छापा घातला. त्या वाटचालीत युकातानसारख्या उष्ण प्रदेशातून आलेले त्याचे सहा शिपाई गारठून मेले होते. मेक्सिकोशी निष्ठावंत असलेल्यांनी खिडकीत दिवा तेवत ठेवावा, म्हणजे त्यांच्या घराला धक्का लागणार नाही, असे आधीच ठरले होते, अशी कथा सांगितली जाते. टेक्सासचा सेनानी फ्रँक जॉन्सन त्या रात्री दिव्याच्या उजेडात काम करत बसला होता, आणि म्हणे त्यामुळेच तो बचावला. मला मात्र जॉन्सनपेक्षा त्या इतर खिडक्यांचाच विचार अधिक वेळ छळत राहिला. शेजारच्या घरात अंधार असताना आपल्या खिडकीत दिवा ठेवणाऱ्या बाईला ती रात्र कशी गेली असेल?

युद्धानंतर न्यूसेस आणि रिओ ग्रान्दे यांच्यामधला सारा मुलूख टेक्सास आणि मेक्सिको यांच्यात वादग्रस्त ठरला, गाव ओस पडले आणि १८४५ मध्ये अमेरिकी सैन्य या भागात आल्यानंतरच लोक परतू लागले. पुढे काउंटीचे मुख्य ठाणे म्हणून गावाला अनेक वर्षे मान मिळाला. पण रेल्वे दुसरीकडून गेली आणि १८९३ मध्ये ते ठाणेही सिंटनला हलले.

गावचे जुने दफनस्थान उंचवट्यावर आहे. छाप्यात मारल्या गेलेल्या सैनिकांना गावच्या पाद्र्यांनी इथेच मूठमाती दिली. गुडघ्याएवढ्या सुक्या गवतात उभे राहून मी एका दगडावरची अक्षरे बोटांनी चाचपून पाहिली. आडनाव आयरिश होते एवढेच लागले, खालचे साल पावसाने पार झिजवून टाकले होते.