सोड्याचा बर्फ

सोमवारी सकाळी प्लॅस्टिकचं खोकं उघडलं, तेव्हा आधी वाटलं बुरशी आली. शुक्रवारी सहावीच्या 42 मुलांनी रंगवलेले गोटे होते, विषय हिवाळा. गडद निळ्या-काळ्या आभाळावर बर्फाच्या चांदण्या, हिममानव, पेंग्विन; दोघा-तिघांनी शेकोटी आणि हुरडा काढला होता. आता कुठे रंगाला फोड आले होते, कुठे पापुद्रा सुटला होता आणि त्याच्या कडेने बारीक पांढरी पिठी वर आली होती. तासाभरात प्रदर्शन मांडायचं होतं.

ओलं बोट लावलं, पिठी विरघळली. बुरशी अशी विरघळत नाही, आणि बोअरच्या पाण्याचा चुनाही नाही. दुसऱ्या गोट्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले, तर फसफस झाली. म्हणजे धुण्याचा सोडा. शाळेतल्या शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, "गोटे लई मातकट होते मॅडम. रात्रभर सोड्याच्या पाण्यात घातले, सकाळी उन्हात ठेवले. खडखडीत वाळले होते की." मामांनी मनापासून काम केलं होतं. मीच चिठ्ठीत 'गोटे स्वच्छ धुऊन ठेवावेत' एवढंच लिहिलं होतं. कशाने धुवायचे, किती दिवस वाळवायचे, हे लिहायला हवं होतं.

आपल्या सोलापूर भागातला दगड बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड. सीना नदीच्या पात्रात त्याचे दोन प्रकारचे गोटे सापडतात. एक गच्च, गुळगुळीत, हातात घेतला की जड लागतो. दुसरा भोकाभोकांचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही भोकं. काहींत पांढरं खनिज भरलेलं असतं, मुलांना वाटतं कुणीतरी आधीच रंगाचे ठिपके दिलेत. हा भोकांचा गोटा वरून तासाभरात वाळतो आणि आत ओल धरून बसतो. त्यावर ॲक्रेलिकचा अखंड थर चढवला की ओल बाहेर पडताना अडते. सोबत विरघळलेला सोडा रंगाखाली येऊन गोठतो, त्याचे खडे वाढतात आणि रंग उचलतात. शुक्रवारी वॉर्निशही त्याच दिवशी मारावं लागलं, वर झाकण घट्ट लावलेलं खोकं. शाळांना सगळं दोन तासांत हवं असतं. बेस म्हणजे नक्षीखालचा अखंड रंग, मग नक्षी, चकाकी, फोटो, सगळं. वॉर्निश रंगानंतर किमान 24 तासांनी मारायचं असतं, हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी तासिकेचं वेळापत्रक पुढे केलं जातं.

एरवी त्या दिवशी मुलांचं काम फार सुंदर झालं होतं, म्हणूनच जास्त लागलं. बर्फाच्या चांदणीला सहा हात असतात, कारण बर्फाचा स्फटिकच षटकोनी. मुलं आधी अधिक काढतात, मग त्यावर फुली, की हात होतात आठ. म्हणून गोट्यावर घड्याळ कल्पायला सांगते: मधोमध ठिपका, मग 12, 2, 4, 6, 8, 10 वर एकेक ठिपका, आणि नंतरच रेघा. रेघेला शून्य नंबरचा ब्रश, रंगात अगदी थेंबभर पाणी. ठिपक्याला पाणी मुळीच नाही. काडेपेटीच्या काडीचं गुलाशिवायचं टोक रंगात बुडवून सरळ टेकवायचं आणि सरळ उचलायचं. दर दोन ठिपक्यांनी काडी पुन्हा बुडवायची, नाहीतर ठिपके लहान होत जातात. डिसेंबरातल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत रंग ताटलीतच सुकतो, त्यासाठी ताटलीत ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. हिममानवाच्या एका कुशीला पांढऱ्यात चिमूटभर निळा घालून सावली दिली, की तो गोल दिसतो. हे सगळं मुलांनी नीट केलं होतं.

सगळ्या खोक्यात एकच भोकांचा गोटा धड राहिला. त्या मुलीने बेस दिलाच नव्हता. मी विचारलं होतं, तर म्हणाली, "बाई, दगड काळाच हाय की. अजून काळं कशाला?" तिने नुसत्या दगडावर पाच चांदण्या काढल्या आणि वॉर्निशची वेळ येईपर्यंत घंटा झाली. तिच्या गोट्यावरही सोडा आला होता, पण चांदण्यांच्या मधल्या उघड्या जागेत, हिवाळ्यातल्या धुक्यासारखा. कोरड्या ब्रशने झटकला, गेला. चांदण्या जागच्या जागी.

बाकीचे गोटे आम्ही खरवडले, साध्या पाण्यात तीन दिवस भिजवले, पाणी रोज बदललं. आता गच्चीवर वाळताहेत. रोज दुपारी दोन-तीन गोटे पारदर्शक पिशवीत बांधून दोन तास उन्हात ठेवते. काल पाचव्या दिवशीही भोकांच्या गोट्याच्या पिशवीत आतून दव धरलं. गच्च गोट्यांच्या पिशव्या तिसऱ्याच दिवशी कोरड्या होत्या.

त्या मुलीचा गोटा बेस नसल्यामुळे टिकला, की वॉर्निश मारायचं राहिल्यामुळे, हे अजून सुटलेलं नाही. म्हणून भोकांचे चार गोटे मुद्दाम सोड्यात घातलेत: एकाला दोन्ही, एकाला नुसता बेस, एकाला नुसतं वॉर्निश, एकाला काहीच नाही. चांदण्या काढायला तिलाच बोलावलं आहे.