शिशाच्या देवांपाशी

पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना वेल्समधल्या पॉविस कॅसलला नेते. सगळ्यांना टिपू सुलतानाचा तंबू बघायचा असतो. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता आणि त्याची बायको हेन्रिएटा पॉविसच्या घराण्यातली. त्यामुळे तो तंबू इथे येऊन पडला. तो बघून लोक हळहळत बाहेर येतात आणि मी मात्र अंगणात रेंगाळते. तिथे पेगॅसस या पंखांच्या घोड्यावर कीर्तिदेवता बसली आहे, सगळी शिशाची. मग ठरलेला प्रश्न येतो: "यात एवढं काय बघता? आणि देव कुणी शिशाचे करतं का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आपल्याकडे शिशाला मान नाहीच. तापवून कानात ओतायला तेवढं ते आठवतं. शिसपेन्सिलीत तर नुसतं नावच, आत शिसं नसतंच. पण अठराव्या शतकातल्या इंग्रज जमीनदाराला बागेत हर्क्युलिस, व्हीनस, मर्क्युरी हवे असायचे आणि संगमरवर परवडायचा नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं. ब्राँझला जवळजवळ तिप्पट आच लागते. शिवाय एकदा साचा झाला की त्यातून हवे तितके देव काढता येतात. हा धंदा लंडनमध्ये जोरात चालवला तो यान व्हान नोस्टनं. तो मूळचा फ्लँडर्समधल्या मेखेलनचा. पॉविसच्या उतारावरच्या टप्प्याटप्प्यांच्या बागेत कठड्यावरचे मेंढपाळ आणि मेंढपाळणी त्याच्याच कारखान्यातल्या. अंगणातला पेगॅसस त्याच्या हाताखाली शिकलेल्या कार्पांतियेचा मानतात. पुढे जॉन चीअरनं हाइड पार्क कॉर्नरला हेच काम चालवलं. आपण पेणला जाऊन गणपती पसंत करतो, तशी तिथे गिऱ्हाइकं यायची.

या देवांना शिसं म्हणून मिरवायचं नव्हतं, हे मला फार आवडतं. पुष्कळांना दगडासारखा पांढरा रंग द्यायचे, कधी त्यावर वाळूही मारायचे. मेंढपाळांना तर गाल, ओठ, कपडे, सगळं रंगवायचे. आज ज्या राखी रंगाला आपण 'काय भारदस्त!' म्हणतो, तो मुळात उघडा पडलेला धातू आहे. आपल्याकडे नेमकं उलट. देव दगडाचा आणि अंगावर शेंदूर. आणि खरा शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. तिकडे शिशावर रंग, इकडे दगडावर शिसं. हे सुचलं त्या दिवशी मी एकटीच हसले.

पण शिसं मऊ. स्वतःच्याच वजनानं ते वर्षानुवर्षं हळूहळू खचत जातं. पोटात लोखंडी सळ्या घालतात. पाणी शिरलं की त्या गंजून फुगतात आणि शिसं फाटतं. बहाद्दर हर्क्युलिस घोट्यातून वाकतो. उधळलेल्या घोड्याचं तर विचारूच नका: सगळा भार बारीक पायांवर. ब्राँझच्या देवाला म्हातारपण येत नाही, याला येतं. म्हणून मला हाच जवळचा वाटतो.

आणि वितळायला सोपं, म्हणून जीवाला घोरही तोच. न्यूयॉर्कमध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा अश्वारूढ पुतळा होता. ९ जुलै १७७६ ला राजाविरुद्ध उठलेल्या लोकांनी तो पाडला आणि त्याच्या बंदुकीच्या ४२,०८८ गोळ्या पाडल्या. राजाचाच पुतळा राजाच्याच सैन्यावर झाडला.

मागच्या खेपेला आमच्या एका मावशींनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग कठड्यावरच्या मेंढपाळाला हात लावून तो कपाळाला टेकवला. म्हणाल्या, "कृष्णच की गं हा." मी म्हटलं, "असू दे मावशी, पण चहाआधी हात धुवा. शिसं आहे ते."